जनाकाकीच्या पेपरातल्या दोन ओळी

काजूची बोंडं पिकून वाटेवर पडायला लागली की एक आंबूसगोड, घशाला जरा धरणारा वास सुटतो. माझ्या डोक्यात तो वास आता परीक्षेला जाऊन चिकटला आहे. माझ्या स्वतःच्या परीक्षा संपून काही वर्षं झाली, ही परीक्षा दुसऱ्यांची. यंदाही शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या, बागांमधून आंब्याच्या खोक्यांवर हातोड्या पडायला लागल्या आणि 'असाक्षरांच्या परीक्षेची' सूचना आली. असाक्षर हा शब्द सरकारचा. ज्यांना तो लागू होतो त्यांना तो वाचता येत नाही, म्हणून सरकार तो बिनधास्त वापरतं. सूचना वाचून मी नेहमीप्रमाणे चिडले, आणि चिडता चिडता माझ्या लक्षात आलं की गेल्या मार्चपासून माझ्या चिडण्यात काहीतरी बिघाड झालाय. ते पूर्वीसारखं सरळ जात नाही. मध्येच एखादा प्रश्न आडवा येतो.

मी रत्नागिरीत मांडवीला वाढले. घरात पुस्तकांची दोन कपाटं, वडील कारकून, आई शिक्षिका. कॉलेजात असताना बायकांच्या एका छोट्या संघटनेत शिरले आणि तिथे सगळ्यात आधी शिकले ते पत्रक लिहायला. पत्रकाला तीन गोष्टी पुरतात. अन्याय कोणावर झाला, कोणी केला आणि आम्हाला काय पाहिजे. वाक्यं आखूड ठेवायची. प्रश्नचिन्ह वापरायचं ते समोरच्याला जाब विचारायला. स्वतःला काही विचारायची पत्रकात सोय नसते, आणि मला ती कधी लागलीही नव्हती. तर अशी मी, संगमेश्वराच्या बाजूच्या एका वाडीत बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला गेले. फाट्यावर एस.टी.तून उतरायचं, मग कातळावरून पाऊण तास चालायचं. काळ्या दगडावर दुपारचं ऊन असं परतायचं की चपलेचा तळ मऊ पडायचा.

वर्ग भरायचा दुपारी दोनला, शाळेच्या रिकाम्या खोलीत. शाळेला दोन खोल्या आणि मुलं एका खोलीतही दिसेनाशी होतील इतकी कमी. सात बायका यायच्या. सकाळी शेतात भाजावळ करून आलेल्या असायच्या. भाताची रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून तो तुकडा पावसाआधी भाजून घेतात. त्या धुराचा वास त्यांच्या पदरांना असायचा आणि नखांत काजळी. ओले काजूगर काढून बोटांची सालं निघालेली, चिकाने काळे पडलेले चट्टे. त्या बोटांनी पेन्सिल धरायची. वह्यांच्या कोपऱ्यांवर तपकिरी डाग पडायचे ते खोडरबराने जात नसत.

सातांतली सगळ्यात थोरली जनाकाकी. सत्तरीच्या अलीकडची, गुडघ्यावर हात ठेवून उठणारी. तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला तिचा अंगठा कळायचा नाही. ही बाई जन्मभर अंगठा उठवत आली आणि शेवटी अंगठाही चालेना. मी हे ऐकून मनात लगेच एक पत्रक रचलं. काकीला त्यात राग येण्यासारखं काही दिसलं नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, की रेषा जातात त्या कुठे जातात, काजूत की मातीत?

पहिल्या आठवड्यात मी वाचायला म्हणून आमचंच एक पत्रक नेलं होतं. मोठी अक्षरं, सोपे शब्द. काकीने एकेका अक्षरावर बोट ठेवत, दम घेत पहिली ओळ वाचली. 'महिलांनो, जाग्या व्हा.' मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे कोणासाठी लिवलंस गो बाय?"

"तुमच्यासाठीच काकी. सगळ्या बायकांसाठी."

"आमी पाटे चारला जाग्या असतो. तू किती वाजता उठतंस?"

मी साडेसातला उठते. सगळ्या हसल्या, मीही हसले, पण पत्रक घडी घालून पिशवीत ठेवलं ते पुन्हा काढलं नाही. नंतर मी त्यांनाच सांगायला लावायचे आणि तेच फळ्यावर लिहून वाचून घ्यायचे. असं वाचताना त्या अडखळायच्या कमी. स्वतःच्या तोंडून गेलेलं वाक्य फळ्यावर ओळखता येणं हे वाचन की आठवण, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. दोन्हींच्या मध्ये एक जागा असावी आणि मोठी माणसं तिथूनच आत शिरत असावीत, असा माझा अंदाज आहे.

दुसरी सुनंदावैनी. पंचेचाळीस-शेहेचाळीसची, काकीच्या पुतण्याची बायको. नवरा मुंबईला, वर्षातून दोनदा दिसणारा. सगळ्या वाडीची ती वैनी, म्हणून माझीही. पहिल्या दिवशी मी तिला स्वयंसेविकांच्या शिबिरात शिकवल्याप्रमाणे 'ताई' म्हटलं तर म्हणाली, "ताई नको म्हणू. ताई म्हणणारी माणसं फॉर्म भरून घेतात नि परत येत नायत." ती सगळ्यात झपाट्याने शिकली. ती का शिकतेय हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तिने पोलक्यातून एक चौपदरी घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत.

"वाच. माजं नाव कुठं हाय?"

मी वाचलं. नाव नव्हतं. एका ओळीत लिहिलं होतं, 'पाण्याबाबत चर्चा झाली.'

"पुढं?"

"पुढे, दिवाबत्तीबाबत चर्चा झाली."

"मी येवडा येळ उभी राहून बोलले. खालच्या विहिरीत गाळ हाय, कठडा फुटलाय, एप्रिलात घराला दोन हांडे मिळत नायत, दारात नळ नुसते उभे हायत. ते कुठं हाय?"

"नाही लिहिलेलं."

"मंग मी बोलले की नाय?"

अशा प्रश्नाला मी एरवी चटकन उत्तर देते. दडपशाही, पुरुषसत्ता वगैरे शब्द तयार असतात. पण ती मला कारण विचारत नव्हतीच. जे लिहिलं गेलं नाही ते घडलं की नाही, एवढंच तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "बोललात. मला तुम्ही सांगितलंत ना." ती म्हणाली, "तू उद्या एस.टी.त बसून जाशील."

तिचा बेत साधा होता. वाडीच्या पाणी समितीचा सचिव मुंबईला राहायचा. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, तेव्हा साठलेल्या सह्या करून जायचा. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत समिती नव्याने नेमायची होती. सचिवाला लिहिता-वाचता आलं पाहिजे आणि तसा कागद जोडला पाहिजे, अशी पंचायतीची अट होती. दहावी झालेल्या सुना नवऱ्यांबरोबर मुंबईला. मार्चमधली परीक्षा पास झाली तर कागद सुनंदावैनीकडे असणार होता. मग वही तिच्या हातात, आणि विहिरीतला गाळ वहीत. दुपारी बाकीच्या जांभया द्यायच्या तेव्हा ती जोडाक्षरं घटवायची. 'इतिवृत्त' हा शब्द सरकारी पुस्तकात यायच्या कितीतरी आधी ती तो लिहायला शिकली.

त्या दिवसांत मी शिकवायचे कमी आणि बघत बसायचे जास्त. काकी 'ठ' आधी शिकली, 'क' तिला शेवटपर्यंत छळत राहिला. असं का? वाचता येत नसताना औषधाच्या गोळ्या कशा ओळखायच्या, तर पट्टीचा कोपरा दुमडून ठेवायचा. सकाळच्या गोळीचा एक कोपरा, रात्रीच्या गोळीचे दोन. ही लिपीच म्हणायची ना? मी दोन कपाटं पुस्तकांच्या घरात वाढलेय, पण स्वतःला लागेल तेवढं लिहिणं स्वतः शोधून काढायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. त्यांना मी कोरी पाटी समजून गेले होते. त्या पाटीवर आधीच इतकं काही होतं की माझी अक्षरं कुठे मांडावी हे बघावं लागायचं.

इथे मला त्याच्या आधीच्या जुलैतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्ग सुरू व्हायच्या आधी ओळख म्हणून मी त्यांच्याबरोबर भातलावणीला उतरले होते. चिखलात ओळीने उभं राहायचं, प्रत्येकीच्या वाट्याला जमिनीची एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. वाकून रोपं लावत मागे मागे सरकायचं. मी जिद्दीने लावत होते आणि सगळ्यांबरोबरच बांधावर चढले. फार अभिमान वाटला. नंतर कळलं की डावीकडून सुनंदावैनी आणि उजवीकडून आणखी एक जण, दोघी माझ्या पातीतली रोपं लावत आल्या होत्या. मधली हातभर रुंदीची पट्टीच काय ती माझी. काही जणी तर आपली पात संपवून दुसऱ्या टोकाने, माझ्या पाठीमागून लावत माझ्याकडे येत होत्या. कोणी कोणाला बोलावलं नाही, कोणी उपकार केल्याचा चेहरा केला नाही. शेवटच्या बाईचं होईपर्यंत कोणी बांधावर चढलं नाही. तिकडची कामाची रीतच ती.

परीक्षा रविवारी होती, खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत. पालखी घरी येते त्या दिवशी नेसतात तसली लुगडी आणि साड्या नेसून सातही जणी आल्या. जनाकाकीने अबोलीचा गजरा माळला होता आणि तो दिसू नये म्हणून पदर डोक्यावरून घेतला होता. एका बाकावर एक अशी बसायची सोय. वर्गावर एक गुरुजी, दुसऱ्या गावच्या शाळेतले, निवृत्तीला आलेले, सगळ्यांना अहोजाहो करणारे. मी व्हरांड्यात खिडकीच्या गजाशी उभी. आत खालच्या मानेने लिहिणाऱ्या पंचवीसेक बायका आणि तीन पुरुष. पंख्याचा आवाज. बाहेर फणसाच्या झाडावर कावळे.

सुनंदावैनीचं सगळ्यांत आधी झालं. वेळ भरपूर उरला होता. तिने पेपर वरपासून खालपर्यंत एकदा बघितला, पेन अंबाड्यात खोचलं, पदर कमरेला घट्ट केला आणि उठली. मला वाटलं, पाणी प्यायला चाललीय. ती सरळ जनाकाकीच्या बाकाशी गेली, कमरेने तिला थोडं सरकवलं, शेजारी बसली, अंबाड्यातलं पेन काढलं आणि काकीच्या पेपरावर शेवटच्या प्रश्नापासून लिहायला लागली. काकी वरून येत होती, ही खालून. काकीने मानसुद्धा वर केली नाही. दोघींना लिहिता यावं म्हणून पेपर जरासा तिरका केला.

कॉपी मी पुष्कळ पाहिलीय. कॉपी करणारा मान चोरतो, खोकतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो. सुनंदावैनीची पाठ खिडकीतून अख्खी दिसत होती, शेतात दिसते तशी.

गुरुजी हळूहळू तिकडे गेले. "ताई, हे काय चाललंय?"

"माजं झालं. हिचं राह्यलंय."

"अहो, पण पेपर त्यांचा आहे."

"तिचाच हाय. मी काय घरी नेते?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. गुरुजींनाही हसू आलं असावं, त्यांनी ते मिशीत ठेवलं. "परीक्षेत दुसऱ्याचं लिहायचं नसतं ताई."

"कशाला?"

गुरुजींनी तोंड उघडलं आणि खिडकीतून माझ्याकडे बघितलं. जणू उत्तर माझ्याकडे ठेवायला दिलं होतं.

"तुम्हाला त्यांनी बोलावलं का?" त्यांनी विचारलं.

"नाय. मी आपली आले," वैनी म्हणाली.

"मी बोलावली," जनाकाकी पेपरातून मान न काढता म्हणाली. "माजं नाव लिवा."

"खोटं सांगते. तिनं बगितलंसुद्दा नाय. माजं लिवा."

आता गुरुजींची पंचाईत झाली. गुन्हा कबूल करायला दोघी जणी भांडतायत असा प्रसंग त्यांच्यावर आधी आला नसावा. ते शेवटी म्हणाले, "सगळ्या वर्गासमोर झालंय ताई. मी नोंद केली नाही तर उद्या सगळ्यांचेच पेपर अडकतील." सुनंदावैनीने लिहिलेल्या दोन ओळींवर त्यांनी लाल रेघ मारली, आणि वैनीच्या स्वतःच्या पेपरावर समासात शेरा लिहिला, की हिने दुसऱ्या परीक्षार्थीला लिहून दिलं. प्रश्न होता, तुमच्या गावाबद्दल लिहा. रेघेखाली वैनीचं टोकदार अक्षर मला खिडकीतून वाचता येत होतं. आमच्या वाडीत एक विहीर आहे. तिच्यात गाळ आहे.

परतताना कातळावर मी तिला फैलावर घेतलं. हे मला आता लिहायला बरं वाटत नाही, पण घेतलं. "वैनी, असं कसं केलंत तुम्ही? सचिव व्हायचं होतं ना? तीन महिने कशासाठी केलं मग?"

"तू सांगितलं व्हतंस, उठू नको म्हणून?"

मी आठवायला लागले. आधार कार्ड आणा, फोटो आणा, निळं पेन आणा, पाण्याची बाटली आणा, आधी लघवीला जाऊन या, नंबर नीट लिहा, घाबरू नका. हे सगळं मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. हे एक सांगितलं नव्हतं.

"हे सांगायचं नसतं वैनी. सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हंजे कोणाला?"

मागून गुडघा धरत येणारी जनाकाकी म्हणाली, "शाळेत गेलेल्यांना, गो."

मला कोणी सांगितलं होतं मग? मी मांडवीपर्यंत एस.टी.त हाच विचार करत आले. आठवलं ते असं. दुसरीत होते. गणिताची चाचणी. बाईंनी सांगितलं, दप्तरं मध्ये ठेवा. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, जिच्या डब्यातली भाजी मी रोज खायचे, तिच्या आणि माझ्या मध्ये मी दप्तर उभं केलं, त्यावर कंपासपेटी ठेवली आणि वरून डाव्या हाताचं कोपर आडवं धरलं. तिने दप्तरावरून डोकावलं तेव्हा मी हात वर करून बाईंना सांगितलं. बाईंनी मला शाबासकी दिली. घरी येऊन हे मी आईला सांगितलं, आणि आईनेही दिली असणार. जोडाक्षरं मला नीट यायच्या आधी कोपर नीट येत होतं. पुढे पंधरा वर्षं मी ज्याला शिक्षण म्हणत आले त्यात हे कोपर किती आणि अभ्यास किती? संघटनेत येऊन मी 'आम्ही' म्हणून पत्रकं लिहिते. ती लिहितानाही कागदावर हात आडवा असतो माझा, सवयीने. मी पाहिलं लक्ष देऊन. असतो.

पण मला असंही वाटत राहिलं, की वैनीची रीत तेवढी खरी आणि शाळेची तेवढी खोटी असं म्हणून सुटका होत नाही. लावणीत त्यांनी माझी पात संपवली, म्हणून मला लावणी आजही येत नाही. माझी रोपं तिरकी गेली होती, ती कोणीतरी मागून सरळ केली आणि मला कळलंच नाही. जनाकाकीला मी एकदा विचारलं, "काकी, वैनी आली नसती तर तुम्हाला तो प्रश्न लिहिता आला असता?" काकी जरा फणकारली. "मला येत व्हतं. येळ लागत व्हता येवडंच. पण ती आलीय म्हटल्यावर तिला ऊठ कसं म्हणायचं?" मग गुडघा चोळत म्हणाली, "मी दुसरंच लिवणार व्हते. मी पिंपळाचं लिवणार व्हते." काकीचा पिंपळ त्या दोन ओळींच्या खाली दबून गेला आणि त्याचं मला कुठे काही करता आलं नाही.

गुरुजी नंतर एकदा बाजारात भेटले. मी विचारलं, "शेवटच्या बाईचा पेपर पूर्ण झाला की सगळ्या पास, अशी परीक्षा घेता येईल का?" ते हातातली पिशवी खाली ठेवून उभे राहिले. "मग नापास कोणाला करायचं?" म्हणाले. हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर माझ्या हुद्द्याबाहेरचं आहे."

निकाल लागला. सहा जणी उत्तीर्ण, त्यात जनाकाकी. लाल रेघेखालचं सोडून बाकीचं तिचं तिला पुरलं. सुनंदावैनीच्या कागदावर छापलं होतं, 'सुधारणा आवश्यक.' तिने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि मोठ्याने, न अडखळता, जोडाक्षरासकट वाचला. नंतर उलटून मागची बाजू बघितली. ती कोरी होती. "बरं," म्हणाली आणि बैल बघायला गेली.

मी घरी येऊन तावातावाने पत्रक लिहायला घेतलं. अन्याय कोणावर झाला ते लिहिलं. कोणी केला, इथे थांबले. गुरुजींनी? त्यांनी सगळ्यांचे पेपर वाचवले. सरकारने? सरकारने पहिल्यांदाच तिला शाळेत बसवलं होतं. नियम न सांगणाऱ्या स्वयंसेविकेने? ते पत्रक पुरं झालं नाही.

महाराष्ट्र दिनाला मी मुद्दाम गेले. झेंडावंदन आटोपून ग्रामसभा बसली. पत्र्याखाली उकाडा, पंखा एकच आणि तो सरपंचबाईंच्या डोक्यावर. पाणी समितीचा विषय आला. सचिवपदासाठी पुन्हा मुंबईवाल्याचंच नाव कोणीतरी सुचवलं. तो फोनवरून हजर होता. सुनंदावैनी उभी राहिली. "मी करते," म्हणाली.

ग्रामसेवकांनी विचारलं, "दाखला आहे का?"

"यंदा नाय मिळाला."

"मग कसं होणार?"

ती बसली. मी बोलायला उठणार होते. माझ्याजवळ चार कडक वाक्यं तयार होती. माझ्याआधी पुढच्या रांगेतून गुडघ्यावर हात ठेवून जनाकाकी उठली. उठायला तिला जो वेळ लागला तेवढ्यात सभा गप्प झाली. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला.

"माज्याकडं हाय दाखला. मला करा सचिव."

हसू फुटलं. ग्रामसेवक समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकी, तुम्हाला एवढं सगळं लिहायला जमणार आहे का?"

"सही मी करीन. लिवणं सुनंदा लिवील. मुंबईवाल्याचं लिवणं इतकी वरसं तुमीच लिवत व्हतात, तवा कोणी इचारलं नाय."

हसू थांबलं. सरपंचबाईंनी पदराने तोंड पुसलं, ग्रामसेवकांकडे न बघता म्हणाल्या, "लिहा, जनाबाईंचं नाव लिहा." फोनमधून 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होतं ते कोणीतरी बंद केलं.

तेव्हापासून वही त्या दोघींकडे आहे. सुनंदावैनी सगळं लिहिते. कोणी काय म्हणालं, ते नावासकट. एका बैठकीत 'जनाकाकीने सांगितले की गुडघा फार दुखतो' हेही आहे. वहीत खाडाखोड आहे, चुका आहेत, काजूच्या चिकाचे डाग आहेत. विहिरीतला गाळ निघाला का? अर्धा निघाला, मग पाऊस आला. उरलेल्या अर्ध्याविषयी वहीत दोन पानं आहेत, आणि आता पंचायतीला त्या पानांना उत्तर द्यावं लागतं. पाऊस पडताना काकी खाली सही करायला बसली की पागोळ्या थांबेपर्यंत तिचं चालायचं.

यंदा वैनीने पुन्हा फॉर्म भरला. मी विचारलं, "आता कशाला? काम तर चाललंय." म्हणाली, "कागद माज्या नावाचा पायजे. काकी काय जन्माला पुरणार?" काकी शेजारीच होती. "पुरणार नाय म्हणूनच सांगते, पास हो नि मला मोकळी कर. सह्या करून माजा हात आखडला."

तर गेल्या रविवारी परीक्षा होती. आदल्या आठवड्यात मी वर्गात उभी राहून नियम सांगितला. संपलं की पेपर द्यायचा, बाहेर यायचं, कोणाच्या बाकावर जायचं नाही. सांगताना मान वर होत नव्हती. नव्याने आलेल्या एकीने विचारलंच, कशाला म्हणून. मी वर्षभर शोधून सापडलं होतं तेवढं उत्तर दिलं, "परीक्षेचा तसा रिवाज आहे." त्यांना ते लगेच पटलं. प्रत्येक पालखीचा रिवाज वेगळा असतो हे त्यांना ठाऊक आहे. काही रिवाजांचं कारण विचारायचं नसतं, हेही. मला मात्र विचारायचं आहे, आणि कोणाला विचारू ते कळत नाही.

वैनीचं यंदाही लवकर झालं. खिडकीतून मी तिला बघत होते. ती पेपर हातात धरून उभी राहिली. बाजूच्या बाकावर एक नवी बाई होती, पहिल्या पानावरच अडलेली. वैनीची नजर त्या पानावर गेली आणि तिथे राहिली. मग तिने पेपर टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

"कसा गेला?"

"गेला."

मी घड्याळ बघितलं. "चला वैनी, फाट्यावर साडेतीनची एस.टी. मिळेल."

"आत कितीजणी हायत?"

"तिघी आहेत आपल्यातल्या."

ती हलली नाही. पदराचं टोक बोटांनी चुरत दाराकडे बघत राहिली. एस.टी.चा हॉर्न फाट्यावरून ऐकू आला आणि लांब गेला. मीही शेजारी बसले. पाऊण तासाने एक बाहेर आली आणि आमच्या शेजारी टेकली. मग दुसरी. ऊन पायरीवरून सरकून अंगणात गेलं. शेवटची ती अडलेली बाई, पाच वाजायला आले तेव्हा आली, तोंड घामेजलेलं, हातात पेन तसंच उघडं. आम्हाला बघून दारातच थबकली.

"अगो, तुमी अजून हितंच?"

सुनंदावैनी उठली, साडी झटकली.

"तू आत व्हतीस ना," म्हणाली.